फाशी यार्डाची ड्युटी : नव्या तुरुंगाधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आहे : "माझी तुरुंगाधिकारी म्हणून निवड झाली आहे. लवकरच प्रशिक्षण सुरू होईल. घरी सगळे खूश आहेत, पण आई सारखं एकच विचारते. उद्या कुणाला फाशी द्यायची वेळ आली तर तुला तिथे उभं राहावं लागेल का? तिला काय सांगू? जे हे काम करतात त्यांच्या मनाचं पुढे काय होतं? आणि एखाद्याला नको असेल तर नाही म्हणता येतं का?"

मी महाराष्ट्राच्या कारागृह विभागात ३३ वर्षं काढली. तुरुंगाधिकारी म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. फाशी यार्डाची, म्हणजे फाशीची शिक्षा झालेले बंदी ठेवतात त्या भागाची, जबाबदारी माझ्याकडे तीन वेळा आली आणि एका पहाटे मी फाशीच्या ओट्याजवळ उभा होतो. कोणतं कारागृह, कोणतं वर्ष, कोण माणूस हे लिहिणार नाही. त्याने ज्यांचा जीव घेतला त्यांची माणसं आहेत, त्याची स्वतःचीही आहेत, आणि त्या पहाटे माझ्याबरोबर जे होते त्यांनी आपापल्या घरी काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही. काही तपशील म्हणूनच बदलले आहेत. बाकी जे लिहितोय ते जसं घडलं तसं.

आईला आधी आकडे सांगा. २००० सालापासून आपल्या देशात आठ जणांना फाशी झाली. २००४ मध्ये कोलकात्याच्या अलीपूर कारागृहात एकाला, २०१२ मध्ये येरवड्यात कसाबला, २०१३ मध्ये तिहारमध्ये अफझल गुरूला, २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमनला आणि २० मार्च २०२० रोजी तिहारमध्येच चौघांना. आपल्या राज्यात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच ठिकाणी आहे. तेव्हा ओट्याजवळ उभं राहायची वेळ तुमच्यावर बहुधा येणार नाही.

पण फाशीची शिक्षा झालेले आणि निकालाची, अपिलाची, दयेच्या अर्जाची वाट बघत असलेले बंदी देशात पाचशेच्या वर आहेत. त्यांना कोणीतरी रोज सकाळी उठवतं, जेवण देतं, औषध देतं, रात्री दर थोड्या वेळाने गजातून डोकावून श्वास चालू आहे ना ते बघतं. ही ड्युटी तुम्हाला लागू शकते. बाहेरच्या माणसाला वाटतं की मनावरचा घाव खटका ओढायच्या क्षणी बसतो. मी पाहिलेल्या माणसांना तो त्याच्या कितीतरी आधी बसलेला होता, इतकी वर्षं एका माणसाला जगवता जगवता.

जगवता जगवता हे शब्द मी मुद्दाम वापरले. फाशी यार्डात सगळ्यात मोठी भीती असते ती बंद्याने स्वतःच जीव देण्याची. म्हणून पायजम्याची नाडी नको, पंचा लांब नको, दाढी करायची तर शिपायासमोर आणि ब्लेड मोजून परत. झडती दिवसातून अनेकदा. जेवण कमी गेलं की नोंद, झोप लागली नाही की नोंद, वजन उतरलं की डॉक्टर. साध्या बराकीत शंभर माणसांत एक शिपाई असतो. इथे एका माणसावर चोवीस तास कुणाची ना कुणाची नजर असते. एवढं लक्ष त्या माणसाकडे त्याच्या जन्मात कुणी दिलेलं नसतं. आपणही आपल्या पोटच्या पोराकडे देत नाही.

माझ्या यार्डात एक बंदी होता, शिपाई त्याला मामा म्हणत. एका रात्रीत एकाच घरातली तीन माणसं त्याने मारली होती. फाइल मी वाचली होती, त्यात कुठेही दया वाटावी असं काही नव्हतं. त्याचा दयेचा अर्ज वर्षानुवर्षं पडून होता. मामाला वाचता येत नव्हतं. बहिणीची पत्रं यायची ती यार्डाचे हवालदार त्याला वाचून दाखवायचे. हे हवालदार वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. दोन-तीन वर्षांत त्यांना मामाच्या भाच्यांची नावं पाठ झाली, कुणाच्या शेतात विहीर लागली ते कळलं, कुणाचं लग्न मोडलं ते कळलं.

एका पावसाळ्यात मामाला कावीळ झाली. सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. पायात बेडी, दाराशी बंदूकधारी, आणि उशाशी हे हवालदार. अकरा दिवस. उकडलेलं पाणी, बिनतेलाचं जेवण, रात्रीबेरात्री डॉक्टरांना उठवायला धावपळ. मामा वाचला. त्याला परत आणलं त्या संध्याकाळी हवालदार माझ्या केबिनमध्ये आले, सॅल्यूट केला आणि म्हणाले, "साहेब, आपण याला बरं करून कुठं पाठवायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. नियमात उत्तर आहे. नियम म्हणतो, शिक्षा न्यायालयाने ठरवलेली, तुमचं काम तोवर त्याला सुखरूप ठेवायचं. हे मी त्यांना सांगितलंही. ते "होय साहेब" म्हणाले आणि गेले. पण त्यांनी विचारलं ते मला अजून ऐकू येतं, कारण या ड्युटीची सगळी गाठ त्या एका वाक्यात आहे. जे हात त्याला पाणी पाजतात त्यांनीच एक दिवस त्याला दुसऱ्यांच्या हाती द्यायचं.

२१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात निकाल दिला. दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारने विनाकारण वर्षानुवर्षं लावली तर तेवढ्यावरून फाशीची जन्मठेप होऊ शकते, असं ठरलं. त्या एका दिवशी पंधरा जणांचा जीव वाचला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली तीही या विलंबापोटीच. त्या १९९६ पासून आत होत्या. पंचवीस वर्षं म्हणजे एखाद्या महिला शिपायाची जवळजवळ अख्खी नोकरी. मामाचीही पुढे जन्मठेप झाली. निकाल कळला तेव्हा यार्डात कुणी पेढे वाटले नाहीत, ती जागा तशी नाही. हवालदारांनी फक्त त्याची नाडी परत करायची परवानगी मागितली.

दुसऱ्या माणसाच्या बाबतीत अर्ज फेटाळला गेला.

मग सगळं झपाट्याने बदलतं. आता त्या २०१४च्या निकालामुळे अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून किमान १४ दिवस मध्ये जावे लागतात, घरच्यांना कळवावं लागतं, शेवटची भेट घडवावी लागते. सत्र न्यायालयातून वॉरंट येतं, त्यावर तारीख आणि वेळ असते. इच्छापत्र करायचं असेल तर त्याची व्यवस्था. वजन घ्यायचं, कारण दोराची सोडण्याची लांबी वजनावर ठरते. बिहारच्या बक्सर कारागृहातून दोर येतो, तो वळणारेही बंदीच. वाळूचं पोतं टांगून चाचणी होते. यापुढचं तंत्र मी सांगणार नाही, ज्यांना ते करायचं आहे त्यांना विभाग शिकवतो आणि इतरांना त्याची गरज नाही. एवढंच सांगतो की चाचणीच्या वेळी फळ्या उघडण्याचा जो आवाज होतो तो यार्डाच्या भिंती अडवू शकत नाहीत. आसपासच्या बराकींतले बंदी त्या दिवशी जेवत नाहीत. कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

या दिवसांत आणखी एक गोष्ट माणसाला पोखरते, आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. तारीख नक्की नसते. दिल्लीच्या त्या चौघांची तारीख आधी २२ जानेवारी २०२० होती, मग १ फेब्रुवारी, मग ३ मार्च, शेवटी २० मार्च. शेवटच्या रात्रीही न्यायालयात सुनावणी चालूच होती. याकूब मेमनच्या वेळी सर्वोच्च न्यायालय पहाटे तीननंतर बसलं आणि उजाडायच्या सुमारास अर्ज फेटाळला गेला. न्यायालयाने शेवटपर्यंत ऐकून घेतलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण आतल्या माणसांचा विचार करा. मन घट्ट करायचं, मग निरोप येतो की थांबा, मग सैल सोडायचं, मग पुन्हा घट्ट करायचं. माझ्या वेळी तारीख एकदाच पुढे गेली. त्या रात्री एक तुरुंगाधिकारी क्वार्टरवर जाऊन ढसाढसा रडला, आणि सकाळी मला म्हणाला की साहेब, सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडलो की अजून व्हायचंच आहे म्हणून, ते माझं मला कळलं नाही.

आता नाही म्हणता येतं का, याबद्दल.

आपल्याकडे पूर्वी जल्लाद असायचे. अलीपूरला, मेरठला ते काम पिढ्यानपिढ्या एकाच घरात चालत आलं. आपल्या राज्यात गेली बरीच वर्षं त्या कामाला कायमचा माणूस नाही, म्हणून हे काम कारागृहाच्या कर्मचाऱ्यांतूनच कुणीतरी करतं. वर्तमानपत्रं त्यांची नावं छापत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मी जे पाहिलं त्यात कुणाला जबरदस्तीने उभं केलं नाही. विचारलं गेलं. पण वर्दीतल्या माणसाला साहेबाने चारचौघांत विचारायचं आणि त्याने नाही म्हणायचं, हे किती अवघड आहे ते तुम्हाला पहिल्याच परेडला कळेल. तेव्हा नको असेल तर प्रसंग यायच्या आधी, यार्डाची ड्युटी लागल्या दिवशीच, आपल्या वरिष्ठांना एकांतात सांगून ठेवा. लेखी दिलंत तर उत्तम. त्यात भित्रेपणा नाही.

ते वारकरी हवालदार माझ्याकडे आले होते, तारखेच्या चार दिवस आधी. यादीत त्यांचं नाव बंद्याला कोठडीतून ओट्यापर्यंत आणणाऱ्यांत होतं. सगळ्यात अनुभवी तेच, आणि हा दुसरा बंदीही त्यांचंच ऐकायचा. ते नाही म्हणायला आले नव्हते. त्यांनी माळेला हात लावून विचारलं, "साहेब, त्या दिवशी माळ काढू का?"

ज्यांना वारी ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न कळेल. एकदा घातलेली माळ माणूस स्वतःहून काढत नाही. मी म्हणालो, माळ काढायची नाही, तुम्ही त्या पहाटे मुख्य दरवाजावर थांबा. त्यांची सुटका झाली. आणि त्यांच्या जागी एक नाव लिहावं लागलं. ते मी लिहिलं.

माझ्या वाट्याला खटका आला नाही, यादी आली. लोक मला विचारतात तेव्हा त्यांना त्या क्षणाबद्दल ऐकायचं असतं. तो क्षण फार छोटा आहे. न्हाऊमाखू घातलेला माणूस, कोठडीपासून ओट्यापर्यंतची थोडी पावलं, दंडाधिकारी, डॉक्टर, आणि सगळं खुणांवर, कारण बोलायचं नसतं. माझा हात वर गेला आणि खाली आला. नंतर खूप वेळ डॉक्टरांची वाट बघत उभं राहायचं. वॉरंटच्या मागे शेरा लिहायचा की शिक्षेची अंमलबजावणी झाली, आणि तो कागद न्यायालयाकडे परत पाठवायचा. माझं अक्षर त्या दिवशीही चांगलं आलं होतं. ते मला अजून खटकतं.

मग टाळे उघडले. सकाळची गिनती झाली. तुरुंगात गिनती जुळल्याशिवाय पान हलत नाही, हे तुम्ही शिकाल. दरवाजाजवळच्या फलकावर रोज एकूण बंदी संख्या खडूने लिहितात. त्या दिवशी तो आकडा एकाने कमी लिहायचा होता. फलक लिहिणारे होते दरवाजावर थांबलेले हवालदार. मी त्यांना ज्यापासून वाचवलं म्हणत होतो ते अशा रीतीने त्यांच्या हातात आलंच.

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा बायकोने अंगणात पाण्याची बादली भरून ठेवली होती. घरात पाऊल टाकायच्या आधी आंघोळ. आणि त्यांनी दहा दिवस सुतक पाळलं. कुणाचं, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर गावाकडच्या नातेवाइकाचं म्हणून सांगितलं. मला हे त्यांच्या बायकोकडून कित्येक वर्षांनी कळलं. माझ्या नोकरीत मी पाहिलेला सगळ्यात शहाणा उपाय तो होता. विभागाने आम्हाला दोन दिवसांची रजा दिली होती, त्यांनी स्वतःला दहा दिवसांचा शोक दिला.

इतरांचं काय झालं ते एकसारखं नाही. एकाला काहीच झालं नाही, निदान दिसलं तरी नाही, आणि तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. माणसं वेगवेगळी असतात. एकाला लाकडी जिन्यावर पाय ठेवला की घाम फुटायचा. एकाने मांसाहार सोडला. आमचे डॉक्टर, ज्यांनी आदल्या दिवशीपर्यंत त्या माणसाला रक्तदाबाची गोळी दिली आणि सकाळी त्याच मनगटावर नाडी शोधली, त्यांनी वर्षभरात सरकारी नोकरी सोडली. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८१ मध्येच ठराव केला आहे की मृत्युदंडात डॉक्टरने भाग घेणं त्याच्या पेशाच्या नीतीविरुद्ध आहे. मृत्यूचा दाखला देणं त्यात बसत नाही असं म्हणतात. आमच्या डॉक्टरांना तो फरक मानवला नाही.

आणि ज्याचं नाव मी हवालदारांच्या जागी लिहिलं तो शिपाई दारूत बुडाला.

जगभर या कामाची विभागणी अशी करतात की कुणा एकाला आपण केलं असं वाटू नये. जपानमध्ये तीन किंवा अधिक अधिकारी एकाच वेळी बटणं दाबतात, त्यातल्या एकाच बटणाने फळी उघडते आणि ते कोणतं हे कुणालाच कळत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात गोळ्या झाडणाऱ्या पाच जणांपैकी एकाच्या बंदुकीत बिनगोळीचं काडतूस ठेवायचे. बंदूक चालवलेल्या माणसाला खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावरून ओळखता येतं की आपलं काडतूस कसं होतं. तरीही ही सोय ठेवतात, यावरूनच कळतं की वजन आहे हे सगळ्यांना मान्य आहे.

ओसोफ्स्की, बांडुरा आणि झिंबार्डो यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या तीन राज्यांच्या तुरुंगांत अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षा प्रत्यक्ष अमलात आणणारी माणसं स्वतःच्या मनाशी सगळ्यात जास्त समजुती घालून घेतात : मी नाही, कायद्याने केलं, तो माणूसच नव्हता, त्यानेच ओढवून घेतलं. बंद्याला आणि घरच्यांना धीर देणारी माणसं अशा समजुतींचा आधार सगळ्यात कमी घेतात. मी हे वाचलं तेव्हा माझ्या यार्डातले चेहरे एकेक करून समोर आले. कारण आमच्याकडे ही दोन वेगळी माणसं नव्हती. पत्र वाचून दाखवणारा आणि हात धरून नेणारा एकच असणार होता. त्याने कोणती समजूत घालायची? तो माणूसच नव्हता, असं भाच्यांची नावं पाठ असलेला कसं म्हणेल?

व्हर्जिनिया राज्यात जेरी गिव्हन्स नावाचे तुरुंग कर्मचारी होते. त्यांनी १९८२ ते १९९९ या काळात ६२ जणांची शिक्षा अमलात आणली. घरी कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. पुढे आयुष्यभर ते मृत्युदंडाच्या विरोधात बोलत राहिले. ज्याला आपण मारणार होतो असा एक माणूस शेवटी निर्दोष निघाला, हे त्यांच्या मनातून जाईना.

यावर माझं स्वतःचं मत काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण न सांगता हे उत्तर पुरं होणार नाही.

मी पुण्यात वाढलो. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं तेव्हा कॉलेजात होतो. दहा खून. अंधार पडला की रस्ते ओस, दाराला आतून दोन-दोन कड्या, ओळखीच्या माणसालाही खिडकीतून आधी बघून मग दार. १९८३ मध्ये येरवड्यात ते खून करणाऱ्या चौघांना फाशी झाली तेव्हा आमच्या वाड्यात लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, मीही सोडला. तो श्वास खोटा नव्हता. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना मी आजही उपदेश करणार नाही.

पण नोकरीत शिरल्यावर मी फाशीच्या कागदाकडे खालच्या बाजूने बघायला शिकलो. आमच्या मनाला आधार एकच असतो : कागद बरोबर आहे. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपती, इतक्यांनी तपासलेला कागद. ५ मार्च २०१९ रोजी तो आधार माझ्यापुरता गेला. नाशिकजवळच्या २००३ सालच्या एका भयंकर गुन्ह्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली होती. उच्च न्यायालयाने त्यांच्यातल्या तिघांची जन्मठेप केली, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच कायम केली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं ती माणसं आत होती.

मधल्या काळात एखाद्या वर्षी कागद वेगाने फिरला असता तर? शिक्का, सही, तारीख, सगळं बरोबर असतं. आमच्यातल्याच कुणीतरी यादी केली असती, कुणीतरी हात वर करून खाली घेतला असता. राजस्थानात १९९६ मध्ये एका माणसाला फाशी झाली, आणि २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केलं की त्याला फाशी देणारा निकाल १९८०च्या बच्चन सिंग निकालाने घालून दिलेली, फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची ही रीत सोडून दिलेला होता. तो माणूस तेरा वर्षांपूर्वीच गेला होता. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी अशा चुकलेल्या शिक्षांबद्दल राष्ट्रपतींना लिहिलं, त्यांत आपले पी. बी. सावंत आणि होस्बेट सुरेश होते. निकाल चुकला तर न्यायालय तो बदलू शकतं. त्या पहाटेच्या माणसांना त्यांचा भाग मागे घ्यायची सोय नाही. बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की अहिंसेचं तत्त्व मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षा रद्दच करणं योग्य. मी ते वाचलं तरुणपणी, पटलं म्हातारपणी.

तुम्ही मात्र उद्या रुजू होणार आहात आणि कायदा आज आहे तसा आहे. तेव्हा थोडं कामाचं बोलतो.

यार्डाची ड्युटी लागली तर त्या माणसाशी माणसासारखं वागा. काही जण सांगतील की जवळ जाऊ नका, मग त्रास होतो. मी उलटं पाहिलंय. दूर राहिलेल्यांना नंतर जास्त त्रास झाला, कारण त्यांना आपण वाईट वागलो हेही आठवत राहिलं. फाशीची शिक्षा झालेल्यांत मानसिक आजार किती आहेत याचा अभ्यास दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. ८८ बंद्यांपैकी सुमारे ६२ टक्के कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने ग्रासलेले होते. तुमच्यासमोरचा माणूस रात्री भिंतीशी बोलत असेल तर नाटक म्हणून सोडून देऊ नका, लिहा, डॉक्टरांना दाखवा. पुढे कुठल्या तरी न्यायालयात तुमची ती ओळ कामी येईल.

घरी खोटं बोलू नका. सगळं सांगायची गरज नाही, पण आज काय ड्युटी होती एवढं एका माणसाला तरी माहीत असू द्या. झोप महिनाभर आली नाही, हात कापू लागले, एकट्याने पिऊ लागलात, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सेवापुस्तकात नोंद होईल या भीतीने आमच्या पिढीतला एकही जण गेला नाही. आणि तुम्ही वर चढाल तेव्हा ही सोय न मागता मिळेल अशी करा. अशा पहाटेनंतर सगळ्यांना, दरवाजावरच्या शिपायालासुद्धा, बोलायला माणूस मिळाला पाहिजे, एकदा नाही, वर्षभर.

आईला सांगा की नाही म्हणता येतं. आणि हेही सांगा की एक नाही म्हणाला की दुसऱ्याचं नाव लिहिलं जातं.

ज्याचं नाव मी लिहिलं तो शिपाई आता बरा आहे. बायकोने आणि एका चांगल्या डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी शेती करतो. दरवर्षी त्या तारखेला मी त्याला फोन करतो. पाऊस कसा झाला, सोयाबीनला काय भाव मिळाला, एवढंच बोलतो. चार वर्षांपूर्वी मात्र त्याने मध्येच विचारलं, "साहेब, माझंच नाव का घेतलं होतं?"

मी खरं ते सांगितलं. तू शांत होतास, बोलायचा कमी, आणि मागे बायकापोरं नव्हती. मला वाटलं, तुला झेपेल.

तो थोडा वेळ गप्प होता. मागे कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "लग्न ठरलं होतं साहेब, पुढच्या महिन्यात. तुम्ही विचारलंच नाही."